दोन्हीकडं झालेलं काम

फेब्रुवारी लागला की आमच्या मुकुंदवाडीत दोन आवाज वाढतात. एक वाळलेल्या कडुलिंबाच्या पानांवरून फिरणाऱ्या झाडूचा, आणि दुसरा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या मशीनचा. दुकानासमोर पोरी उभ्या असतात. हातात पारदर्शक पाऊच, त्यात दोन निळे पेन, एक पट्टी आणि घडी पडू नये म्हणून जिवापाड जपलेलं हॉलतिकीट. ऊन अजून भाजत नाही, पण दुपारी भिंतीला हात टेकला तर कळतं की आता फार दिवस नाहीत. मशीनमधून निघालेल्या कागदाचा तो गरम वास नाकात शिरतो आणि माझ्या पोटात खड्डा पडतो. एकाहत्तर वर्षांची बाई मी. माझी आता कुणी कसली परीक्षा घेणार नाही. तरी पडतो.

ह्या खड्ड्याचं मूळ चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आहे. तेव्हा मी तरुण होते. सदुसष्ट म्हणजे काही वय नाही. त्या बाईला चालणारे गुडघे होते, उत्साह होता आणि स्वतःबद्दल इतका चांगला समज होता की आज ती समोर आली, तर आधी बसवून पाणी देईन आणि मग कान पिळीन.

मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर एक काम आपण होऊन अंगावर घेतलं. ज्या मुलींना दिसत नाही, त्यांना दहावी-बारावीच्या पेपरला लेखनिक मिळवून द्यायची. मुलगी उत्तर बोलते, शेजारी बसलेली लेखनिक ते कागदावर उतरवते. लेखनिक खालच्या वर्गातली हवी, तिच्या शाळेचं पत्र हवं, फोटो हवा, आणि हा सगळा अर्ज परीक्षा केंद्रावर देऊन शिक्का मारलेली पोच आणावी लागते. पोच नसली तर लेखनिकाला आत घेत नाहीत. मग सगळं तोंडपाठ असलेली मुलगी कोऱ्या उत्तरपत्रिकेसमोर तीन तास बसून राहणार. एवढंच काम. ऐकायला सोपं आहे.

त्या वर्षी नऊ मुली होत्या. माझी नात ऋचा एका कंपनीत कामांची आखणी करते. कुणी काय कधी करायचं हे ठरवायचं आणि ते होतंय का ते पाहायचं, ह्याचा तिला पगार मिळतो. तिनं माझं टेबल पाहिलं. टेबलाच्या काचेखाली चिठ्ठ्या, कॅलेंडरच्या चौकोनात बारीक अक्षरं, फ्रिजवर चुंबकाखाली एक फोटो, तो कुणाचा ते मलाही आठवेना.

"आजी, हे काय चालवलंयस?"

"काम."

"हे काम नाय, हे घरटं हाय," ती म्हणाली. बाहेर ती शुद्ध बोलते, मला चिडवताना आमच्या गावाकडचं बोलते.

दोन दिवसांनी तिनं एक वही आणून दिली. ओळी नाहीत, चौकटी नाहीत, पानभर नुसते फिकट ठिपके. शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदी कप्पा. वहीची भाषा तिनं दहा मिनिटांत शिकवली. करायच्या कामापुढं ठसठशीत ठिपका. झालं की ठिपक्यावर फुली. आज जमलं नाही, पुढं ढकललं, तर ठिपक्याचा बाण. आणि ज्याला ठरलेली वेळ आहे ते फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकायचं, म्हणजे फोन आपण होऊन हाक मारतो. "वहीत विचार करायचा, आठवण फोननं करायची," ती म्हणाली. "दोघांना एकमेकांचं काम करायला लावू नको."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि खिडकीबाहेर सोडून दिलं. माझं लक्ष ठिपक्यांकडं होतं. काय सुंदर वही हो.

खरं तर मला लिहून ठेवायची सवय जुनीच. तिशीत मी कामं तळहातावर लिहायचे, निळ्या बॉलपेननं. "सहावी ब वह्या." "मुख्याध्यापक, रजा." शाळेतून घरी यायचं, कणीक मळायला बसायचं, आणि पाचव्या मिनिटाला सहावी ब कणकेत. एकदा सासूबाईंनी पोळीवर निळसर डाग पाहून विचारलं होतं, "हे काय गं?" मी म्हणाले, "मुख्याध्यापक." त्या दिवसापासून कणीक त्या मळू लागल्या. मला वाटायचं मी फार कामाची बाई आहे, कारण माझा हात कायम भरलेला असायचा. हात भरलेला म्हणजे काम झालेलं, हा माझा हिशोब तेव्हापासूनचा. तो सदुसष्टाव्या वर्षापर्यंत नीट टिकला.

वही आल्यावर मी गुलमंडीच्या बाजारात जाऊन रंगीत पेनं आणली. प्रत्येक मुलीला एक पान, प्रत्येक पानाला वेगळा रंग. सना जांभळी. जानेवारीच्या पानाला मी कडुलिंबाच्या पानांची नक्षी काढली, त्यात एक दुपार गेली. शीर्षकाखाली दुहेरी रेघ. वार मोडीसारख्या वळणदार अक्षरात. संध्याकाळी ऋचाला दाखवलं.

"आजी, नक्षी भारी हाय. कामं किती झाली?"

"सुरुवात तर होऊ दे."

आता सनाबद्दल सांगते. सना पडेगावची. वडील ट्रक चालवतात, आई रेहानाबी घरी शिवणकाम करते. पोरीला जन्मापासून दिसत नाही, आणि तिच्या डोक्यात काय काय राहतं ते पाहून माझ्यासारखीनं वहीत तोंड लपवावं. इतिहासाचा धडा एकदा ऐकवला की दुसऱ्यांदा ती आपल्याला ऐकवायची, तेही माझ्या खोकल्यासकट. मला ती नानी म्हणते. तिच्यासाठी मी आमच्याच गल्लीतली नववीतली पल्लवी पाहून ठेवली होती. अक्षर सुरेख, तोंड बंद ठेवायची तयारी. शाळेचं पत्र मिळालं, फोटो चिकटवला, माझी सही झाली, खाली तारीखही घातली. उरलं होतं फक्त अर्ज केंद्रावर देऊन पोच आणणं. अर्ज मी वहीच्या मागच्या कप्प्यात ठेवला, हरवायला नको म्हणून.

त्या रविवारी मी चहा घेत वही आणि फोन समोरासमोर ठेवले. सनाच्या पानावर ठिपका होता: "अर्ज केंद्रावर." ह्याला वेळ ठरलेली आहे म्हणून मी तो फोनमध्ये टाकला, मंगळवार सकाळ. फोननं नम्रपणे घेतला. मग मला वाटलं, वहीतलं काम तर आता फोनकडं गेलं, वहीपुरतं झालंच की. मी ठिपक्यावर फुली मारली. जांभळ्या पेननं, दोन्ही टोकं सारखी.

मंगळवार आला. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही हे इथल्या माणसाला सांगायला नको. पाण्याचा दिवस हा सणापेक्षा मोठा. त्या मंगळवारी आठ दिवसांनी पाणी आलं होतं आणि फोनमध्ये दोन हाका एकाच वेळी लागल्या. एक नळाची, एक सनाची. मी ओट्याशी, दोन्ही हात टाकीत, पदर खोचलेला, पिंप अर्धं. फोन ओट्यावर थरथरत होता. वाकून पाहिलं, अर्जाचं आहे असं कळलं, आणि मनात म्हटलं, ते वहीत आहेच. ओल्या करंगळीनं मी फोनवरचं "झालं" दाबलं. मग मोटर लावली.

संध्याकाळी पाठ टेकली आणि वही उघडली. सनाच्या कामावर फुली. फोनमध्ये पाहिलं, तिथंही हिरवी खूण. दोन्हीकडं झालेलं. मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू. शाळेत असताना मुलांच्या वहीवर मी "उत्तम" लिहायचे, तसं स्वतःच्या पानावर लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही, एवढी अब्रू देवानं राखली.

सनाचा फोन तीनदा आला. पहिल्यांदा म्हणाली, "नानी, वो फॉर्म?" मी म्हणाले, "लिहून ठेवलंय गं." दुसऱ्यांदा म्हणाले, "झालंय, दोन्हीकडं झालंय." तिसऱ्यांदा तिनं विचारायच्या आधीच मी तिला पुढच्या महिन्याच्या पानावर काय नक्षी काढतेय ते सांगत होते. जिला दिसत नाही तिला मी वहीचे रंग सांगत होते. आज हे लिहिताना पेन थांबतं.

पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला रेहानाबी आणि सना घरी आल्या. दौलताबादकडच्या अंजिरांची टोपली होती बरोबर. रेहानाबी टेकायच्या आधीच म्हणाली, "बाई, कल इसको कितने बजे छोडना? और वो लिखनेवाली बच्ची सीधी वहीं आएगी ना?"

"येईल ना. सगळं तयार आहे," मी म्हणाले आणि वही घेऊन आले. खरं तर मला वही दाखवायचीच होती. जांभळं पान उघडून मी रेहानाबीच्या मांडीवर ठेवलं. ती पानावरून हात फिरवत म्हणाली, "क्या मेहनत करी बाई."

सना म्हणाली, "नानी, पोच दो ना. सुबह गडबड होती."

पोच. मी हसतच वहीच्या मागच्या कप्प्यात बोटं घातली. घडी केलेला कागद लागला. बाहेर काढला, उलगडला. पल्लवीचा फोटो माझ्याकडं पाहत होता. शाळेचा शिक्का, माझी सही. खाली केंद्राच्या शिक्क्याची चौकट, कोरी.

माझ्या आयुष्यात मी धक्के खाल्लेले आहेत. नवरा गेला तेव्हा मी उभी होते, भिंतीला धरून. पण त्या दिवशी खोलीतला आवाज बंद झाला. पंखा फिरत होता, त्याचा आवाज नाही. रेहानाबीचे ओठ हलत होते, आवाज नाही. मी वहीतली फुली पाहिली. फोनमधली हिरवी खूण पाहिली. परत कागद पाहिला. मग पुन्हा फुली. ह्या दोघांपैकी एक तरी खरं बोलत असेल असं मला अजून वाटत होतं. त्याहून भयंकर हे, की मधल्या तीन आठवड्यांत मी त्याच केंद्रावर दुसऱ्या मुलींचे अर्ज द्यायला दोनदा जाऊन आले होते. वही काखेत होती. सनाचा अर्ज काखेत होता. खिडकीपासून हातभर.

"क्या हुआ?" रेहानाबीचा आवाज परत आला.

"अर्ज दिलेलाच नाही," मी म्हणाले.

रेहानाबी ओरडली नाही. तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली, सनाचा हात धरला आणि म्हणाली, "रिक्षा मिलेगी इधर?"

केंद्र जुन्या शहरातल्या एका शाळेत होतं.  रिक्षात सना मध्ये बसली होती, अर्ज तिच्या हातात, दोन्ही हातांनी धरलेला. मी मनात वाक्यं जुळवत होते. फोन बिघडला. प्रकृती बरी नव्हती. पाणी आलं होतं. हे शेवटचं तर खरंही होतं.

केंद्र पाहणारे जाधव सर व्हरांड्यात होते. बाकांवर बैठक क्रमांक चिकटवून होत आले होते, हाताला डिंक. मला ते ओळखायचे. अर्ज पाहून त्यांची मान आधी हलली. "बाई, उद्या पेपर. आज पाच वाजता आणताय? तारीख कधीच गेली. मी वर काय सांगू?"

मी तोंड उघडलं. त्याच्या आधी सना बोलली.

"सर, गलती माझी. फोटो माझ्याकडं होता. मी विसरले द्यायला. नानी रोज मागत होत्या."

स्वच्छ, शांत आवाज. इतिहासाचा धडा म्हणावा तसा. सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग अर्जाकडं, जरा जास्त वेळ. मी तेव्हा बोलायला हवं होतं. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी बाई, व्हरांड्यातल्या खांबाला टेकून गप्प उभी राहिली. कारण सरांचा चेहरा मऊ झालेला मला दिसला होता, आणि तो पुन्हा कडक व्हावा असं मला वाटत नव्हतं. सर आत गेले, कुणाशी तरी फोनवर बोलले, आणि शिक्का मारून बाहेर आले.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "असं का बोललीस सना?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर चौकशी झाली असती नानी. माझ्यावर कुणी चौकशी लावत नाय. अंधी लडकी, भूल गई बेचारी." ती हसली. "कधी तरी उपयोग होतो."

मग म्हणाली, "मी तीनदा फोन केला होता. मला शंका येत होती. पण तुमचा आवाज इतका खूश होता, वाटलं, इतका खूश माणूस काम न करता कसा असंल."

रेहानाबी म्हणाली, "चुप बैठ गं." पण सना म्हणाली ते मला आधीच ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सना आणि पल्लवी आत गेल्या. मी फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकड्यावर बसून होते. घुंगरं वाजत होती, उसाची चिपाडं पडत होती, आणि तीन तास मी एकही गोष्ट कुठंही लिहिली नाही. पल्लवी बाहेर आली ती उजवा अंगठा चोळत. म्हणाली, "आजी, ही लई बोलते. पुरवण्या घेतल्या." सना म्हणाली, "ही लई हळू लिहिते." दोघींनी एकच रस मागवला, दोन नळ्या. मला ते बघवेना आणि नजरही काढवेना.

घरी आल्यावर ऋचाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती गंभीर झाली. तिनं वही घेतली, फोन घेतला, शेजारी ठेवला. "आजी, तू दोन कपाटांना कुलपं लावली आणि ह्याची किल्ली त्यात, त्याची किल्ली ह्यात ठेवली."

"मग आता काय करू? वही टाकून देऊ?"

"वहीनं काय केलं? तू फोनकडं दिलेल्या कामावर फुली मारलीस. दिलेलं काम झालेलं नसतं."

ते वाक्य कामांच्या आखणीबद्दल होतं, तिच्या कंपनीत ती रोज कुणाला तरी ऐकवत असणार. मला ते माझ्या सगळ्या आयुष्याबद्दल वाटलं. किती जणांना मी "लिहून ठेवलंय" म्हणून परत पाठवलं असेल. धाकट्या जावेला शिकवायची होती शिवणाची मशीन. शेजारच्या मावशींना दवाखान्यात न्यायचं होतं. सांगून टाकलं, टिपून टाकलं, आणि टिपल्याचा आनंद इतका पुरेसा असायचा की पुढचं करायला जागाच उरायची नाही.

आता मी वही आणि फोन दोन्ही वापरते. रंग एकच, निळा. फोनकडं गेलेल्या कामाला वहीत नुसता छोटा गोल, म्हणजे हे दुसऱ्याच्या हवाली आहे, अजून जिवंत आहे. फोन वाजला तर हात पुसल्याशिवाय त्याला शिवायचं नाही. आणि फुली मारायची ती शिक्क्याचा कागद डोळ्यांसमोर धरूनच. दर रविवारी ऋचा वही वाचते आणि मी फोन वाचते, मोठ्यानं, एकमेकींना. गेल्या रविवारी तिनं विचारलं, "पल्लवीच्या धाकट्या बहिणीचा फोटो?" मी म्हणाले, "मिळाला." ती म्हणाली, "दाखव." मी उठले आणि दाखवला. तिला माझ्यावर विश्वास नाही ही गोष्ट मला हल्ली फार आवडते.

पण त्या मोसमातलं एक सांगायचं राहिलं. परीक्षा संपल्या, ऊन चढलं, झेरॉक्सवाला दुपारी शटर ओढून झोपू लागला. व्हरांड्यातलं ते गप्प राहणं मला झोपू देईना. पोरीच्या नावावर माझी चूक चढली होती आणि ती तशीच राहणार होती. एका सकाळी मी उठले आणि जाधव सरांच्या शाळेत गेले. फोन केला नाही, वहीतही टाकलं नाही.

सर खोलीत एकटेच होते. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "सर, तो फोटो सनाकडं नव्हता. अर्ज माझ्याच वहीत होता. विसरले मी. तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं."

सरांनी चष्मा काढला. "माहीत आहे मला."

"कसं?"

"अर्जावर फोटो चिकटवलेला, फोटोवर शाळेचा शिक्का, आणि खाली तुमच्या अक्षरात जानेवारीची तारीख. फेब्रुवारीत मिळालेला फोटो जानेवारीत कसा चिकटेल?"

मी खुर्ची ओढून बसले.  व्हरांड्यात त्यांची नजर कागदावर थांबली होती ती ह्यासाठी. म्हणजे त्या दिवशी तिथं चौघं होतो आणि खरं काय ते चौघांनाही माहीत होतं. झाकलं गेलं असं वाटणारी मी एकटीच.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ती पोर तुम्हाला सांभाळत होती. तुम्ही स्वतःला सांभाळू देत होता." त्यांनी चष्मा परत घातला. "मला वाटलं होतं तुम्ही दुसऱ्याच दिवशी याल. दोन महिने लावलेत."

 मी उठायला लागले. म्हटलं, "पुढच्या वर्षीचं काम तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी नावं देते."

सरांनी टेबलाचा खण उघडला आणि एक कागद माझ्यापुढं सरकवला. अकरा मुलींची नावं होती. दोन लासूर स्टेशनच्या, एक पार पैठणकडची.

"मला?" मी म्हणाले. "अजूनही?"

"बाई, दुसरं कोण करतंय," सर म्हणाले. त्यात कौतुक नव्हतं. असतं तर मी उठून गेले असते.

त्यांनी चहा सांगितला. मी पहिल्या नावासमोर बोट ठेवलं आणि विचारलं, "हिच्या आईचा नंबर आहे का? इथूनच लावते."